टॉवेलात गुंडाळलेली गन

मित्रांनो, सोलापुरात होटगी रस्त्याला सुतारकामाचा एक छोटा कारखाना आहे. त्याच्या मागच्या भिंतीला, सगळ्यांत वरच्या फळीवर, एक पांढरा टॉवेल घडी करून ठेवल्यासारखा दिसतो. ती नुसती घडी नाही. तिच्या आत मी असते. मी खिळे मारणारी गन आहे, आता बरीच जुनी. माझा रंग उडाला आहे, मुठीवरचं रबर गुळगुळीत झालं आहे, पण माझं काम अजून चोख आहे. तरीही त्या टॉवेलाबद्दल कुणी विचारलं की मला लाज वाटते. ती कशाची, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

माझ्या पोटात एक नळी आहे आणि नळीत एक दट्ट्या. बॅटरीवर चालणारी मोटर हवा दाबून ठेवते. ती हवा सुटली की दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याच्या टोकाची पोलादी पाती पिनेला एका फटक्यात लाकडात बसवते. माझं नाक लाकडावर टेकून दाबल्याशिवाय माझा चाप चालत नाही. ज्यांनी मला घडवलं त्यांनी ही सोय मुद्दाम केली, कारण माझी पीन हवेत सुटली तर ती कुणाच्या डोळ्यात जाईल हे सांगता येत नाही. माझ्या नाकाजवळ एक छोटं चाक आहे. ते फिरवलं की पीन किती खोल जावी ते ठरतं. टणक सागवानाला जास्त जोर लागतो, पातळ प्लायवूडला कमी. हे चाक नीट लक्षात ठेवा. पुढे ते येणार आहे.

माझ्या पिना गोणी शिवायच्या दाभणाहून बारीक असतात. त्यांना डोकं असं जवळपास नसतंच. म्हणून त्या लाकडात शिरल्या की खूण दिसत नाही. लोक याचंच कौतुक करतात. पण ज्या खिळ्याला डोकं नाही, तो फळीला अडवून धरणार कसा, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

मला बिरप्पांच्या हत्यारांच्या दुकानातून यास्मीनने आणलं. यास्मीन आणि तिचा धाकटा भाऊ खालिद त्यांच्या वडिलांचा, हुसेनसाबांचा कारखाना चालवतात. हुसेनसाब वारले तेव्हा हत्यारं खालिदच्या हातात आली आणि गिऱ्हाइकं यास्मीनच्या. ती दुकानात आली तेव्हा मी काचेवर दोन मोठ्या गनांच्या शेजारी पडले होते.

"काय ठोकायचं हाय, ताई?" बिरप्पांनी विचारलं.

"सगळंच."

"सगळ्याला एक गन नसती की. ही मोठी बघा, डोक्याचे लांब खिळे मारती. खोकी, चौकटी, छपराचं लाकूड, असलं काम. ही मधली दारांच्या पट्ट्यांना. आणि ही बारकी, बीडिंगला, पातळ पट्टीला."

"जोड आमचे हातानेच होतात," यास्मीन म्हणाली. "अब्बांची पद्धत आहे. एका लाकडाला खाच मारून, तिच्यात दुसऱ्याची चूळ बसवून. गोंद सुकेपर्यंत पट्टी धरून ठेवायला काहीतरी पाहिजे."

"मग हीच न्या. कंप्रेसरवाली स्वस्त पडती, पण लोकांच्या घरी कंप्रेसर कुटं ओढत बसणार? ही बॅटरीवर चालती." बिरप्पांनी मला उचलून तिच्या हातात दिलं. "पण एक ध्यानात ठेवा. ही धरून ठेवती, पेलत न्हाय. आणि चष्मा घाला. डोळा काय माझ्या दुकानात मिळत न्हाय."

यास्मीन हसली आणि चष्माही घेऊन गेली.

पहिली काही वर्षं मी सुखात काढली. हुसेनसाबांनी शिकवल्याप्रमाणे खालिद आधी खाच मारायचा, चूळ घासून बसवायचा, गोंद लावायचा आणि मग मला उचलायचा. ठक्, ठक्, ठक्. दाराच्या कडा, आरशाच्या चौकटी, कपाटांच्या पाठी, सगळीकडे माझ्या पिना आहेत आणि एकही दिसत नाही. नव्या घरात काम असलं की शेजारपाजारचे लोक बघायला यायचे. हातोडीची ठोकाठोक नाही, धूळ नाही. "हे बरं हाय की राव," असं म्हणत ते मला हातात घेऊन बघायचे आणि खालिद माझ्याकडे असा बघायचा जणू त्याने मला स्वतः घडवलं आहे.

कौतुक हळूहळू वेगाचं होऊ लागलं. कुणी म्हणायचं, "खालिदभाई, दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात उरकलं." ते ऐकून त्याचा हात आणखी भरभर चालायचा. आधी त्याने चूळ आखूड केली. मग काही ठिकाणी ती गाळलीच. कपाटाच्या पाठीला ते चाललं, कारण कपाटाची पाठ कुणाचा भार पेलत नाही. चाललं म्हणून ते त्याच्या हाताला लागलं. मला कळत होतं. पण मला तोंड नाही, नाक आहे, आणि ते जिथे टेकवतील तिथे मला मारावंच लागतं.

होटगीच्या रंभाबाईंची लेक ऋतुजा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या लग्नातलं कपाट हुसेनसाबांनी केलेलं. त्यामुळे पाळणाही इथूनच न्यायचा, हे रंभाबाईंनी आधीच ठरवलं होतं. पण पाळण्याचं माप विचारायला यास्मीनने फोन केला, तर त्या ऐकायला तयार नाहीत.

"लेकरू जन्मल्याबिगर पाळण्याचं नाव काडायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "रिकामा पाळणा घरात आणत नसत्यात. जन्मलं की सांगते, मग लावा रंधा."

त्यांच्याकडे तशीच रीत आहे. बाळ जन्मतं आणि बाराव्या दिवशी बारसं असतं. पाळणा त्या मधल्या दिवसांतच व्हायला हवा. मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा खालिद दुसरीकडच्या स्वयंपाकघराचं काम अर्ध्यावर घेऊन बसला होता. यास्मीनने ते काम बाजूला ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "होतंय की, आपा. पाळणा काय, आपल्या गनवर दोन दिवसांचं काम."

पाळण्याला सुरुवात झाली तेव्हा दिवस थोडे उरले होते. सागवानाची चौकट त्याने सुंदर केली. कठड्याला कातीव दांडे, वरच्या आडव्या दांड्याला दोन पोपट. पण पॉलिशला सुकायला वेळ लागतो, म्हणून त्याने तळ बसवायच्या आधीच चौकटीला पॉलिश मारून टाकलं. मग तळाची पाळी आली.

मित्रांनो, पाळण्याचा तळ कसा बसवतात ते समजून घ्या. चौकटीच्या आतल्या अंगाला चारही बाजूंनी खाच मारतात आणि तळाची फळी त्या खाचेत सरकवतात. मग बाळाचा भार फळीवरून खाचेवर येतो आणि खाचेवरून चौकटीवर. खिळ्यावर तो येतच नाही. किंवा फळीखाली जाड पट्ट्या स्क्रूने आवळतात. दोन्हीला वेळ लागतो.

खालिदने पातळ प्लायवूडचा तुकडा कापला, चौकट उलटी केली, तिच्या कडांना गोंद लावला आणि तो तुकडा वरून नुसता ठेवला. गोंद पॉलिशवर लागला होता. पॉलिशच्या काचेसारख्या थरात गोंद शिरत नाही, तो वरच्या वर सुकतो. मग त्याने मला उचललं. माझं चाक सागवानाच्या जोरावरच होतं. त्याने ते फिरवलं नाही. पातळ प्लायवूडमध्ये माझ्या पिना इतक्या खोल गेल्या की त्यांचं जे काही इवलंसं डोकं असतं, ते फळीच्या पार खालच्या, चौकटीला लागलेल्या पापुद्र्यात जाऊन बसलं. पाळणा सरळ केला की तळ त्या पापुद्र्यावर लटकणार होता. त्याने पिनाही मोजक्याच मारल्या.

यास्मीन आत आली तेव्हा पाळणा सरळ उभा होता आणि पोपटांवर ऊन पडलं होतं.

"खाच मारलास काय रे?" तिने विचारलं.

"मारलो की, आपा."

तिने पोपटावरून हात फिरवला. तळ उलटा करून बघावा असं तिच्या मनात आलं असेल, पण भावाचा शब्द होता. मी त्याच्या हातात होते आणि माझी मूठ अजून गरम होती.

बारशाच्या दिवशी आम्ही पाळणा टेम्पोतून होटगीला नेला. वरच्या आडव्या दांड्याची लाकडी झालर घरातच बसवायची होती, म्हणून मीही गेले. मधल्या खोलीत बायका जमल्या होत्या. श्रीपूरहून ऋतुजाची सासरची माणसं आली होती. तिच्या सासूबाई, सोजरबाई, पाळण्याभोवती एक फेरी मारून आल्या होत्या आणि माहेरच्यांनी काय काय केलं ते डोळ्यांनीच तोलत होत्या.

खालिदने झालर बसवली. ठक्, ठक्. पोरं गोळा झाली. त्याने मला उघड्या पेटीसकट खिडकीत ठेवलं.

रंभाबाईंना फार आनंद झाला होता. सोलापूरकडे कुणाचा मान करायचा तर टॉवेल, टोपी आणि नारळ देतात. त्यांनी सगळ्यांच्या देखत खालिदच्या डोक्यावर टोपी ठेवली, नारळ हातात दिला आणि खांद्यावर पांढराशुभ्र, लाल काठाचा टॉवेल टाकला.

"हुसेनसाबाचा हात पोराच्या हातात उतरलाय," त्या म्हणाल्या. "बघा की इहीणबाई, कुटं खिळा दिसतोय का."

"खिळा न्हाय दिसत," सोजरबाई म्हणाल्या. "पाळणा दिसतोय झ्याक. आता लेकरू निजू दे त्यात, मग बोलू."

खालिद हसला, पण त्याची नजर तळाकडे गेली. ती मी पाहिली. त्या क्षणी तो म्हणू शकला असता की थांबा, एक पट्टी मारायची राहिली आहे. कुणी नाव ठेवलं नसतं. पण टॉवेल खांद्यावर होता.

तुमच्यापैकी काहींना माहीत असेल, बारशाला पाळण्यात आधी बाळ घालत नाहीत. आधी पाट्यावरचा वरवंटा घालतात. सोजरबाईंनी वरवंट्याला कुंची घातली, काजळाची तीट लावली, आणि तो पाळण्याखालून एकीने दुसरीला दिला, वरून परत घेतला. बायका नावं घेत होत्या, हसत होत्या. ऋतुजा बाळाला छातीशी धरून पाळण्याला टेकून उभी होती. वरवंट्यानंतर बाळाचीच पाळी होती.

सोजरबाईंनी वरवंटा पाळण्यात ठेवला आणि कौतुकाने एक झोका दिला.

आधी एक बारीक चरचर झाली. ती माझ्या पिनांची होती. प्लायवूडमधून त्यांची डोकी ओढली जात होती. मग तळ एका बाजूने खाली गेला आणि वरवंटा कुंचीसकट फरशीवर आदळला. फरशीला तडा गेला. बाळ दचकून रडू लागलं.

ऋतुजा दोन पावलं मागे सरली आणि बाळाचं डोकं तिने हाताने झाकून घेतलं, जणू दगड अजून पडायचाच आहे.

"माहेरच्या पाळण्याला तळच नसतो व्हय?" सोजरबाई म्हणाल्या.

विहीणबाईंपुढे, भरल्या घरात, रंभाबाईंची मान खाली गेली होती. सगळे खालिदकडे बघत होते. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि खिडकीकडे बोट केलं.

"गनमध्ये दोष आहे," तो म्हणाला. "पिना धरत नाहीत तिच्या."

खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"अस्सं," सोजरबाई म्हणाल्या. "मग टॉवेल त्याला कशाला घातला? गनलाच घालायचा व्हता की."

एकदोन बायकांना हसू आलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण त्या वेळी पेटीचं झाकण कुणी लावलं तर बरं, असं मला वाटलं. माझ्यावर खोटा आळ आला म्हणून नव्हे. त्या तळात ज्या पिना होत्या त्या माझ्याच होत्या. कौतुकाच्या वेळी त्या माझ्या म्हणवून घेतल्या होत्या, मग आता परक्या कशा म्हणायच्या?

यास्मीन पाळण्यापाशी बसली. तिने लोंबकळणारा तळ हाताने वर उचलला आणि चौकटीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. कड चारही बाजूंनी सपाट होती. तिने खालिदकडे पाहिलं नाही.

"मावशी," ती रंभाबाईंना म्हणाली, "गन चांगली आहे. दोष आमच्या हाताचा आहे."

आमच्या, असं ती म्हणाली. तो शब्द खालिदला कसा लागला ते मी पाहिलं. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून हातात धरला. तो परत द्यावा की ठेवावा, हे त्याला कळत नव्हतं.

रंभाबाईंनी फरशीवरचा वरवंटा उचलून बाजूला ठेवला. "लेकराच्या आधी धोंडा गेला," त्या म्हणाल्या. "त्यासाटीच तर घालत्यात त्यो आधी. रडू नको ग ऋतुजा. इहीणबाई, ते लुगडं द्या इकडं."

त्यांनी तुळईच्या कडीला जुनं मऊ लुगडं बांधलं, दोन गाठी मारल्या, दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं, आणि झोळी केली. बाळाला झोळीत घातलं. आत्याने कानात नाव सांगितलं, आरोही. घुगऱ्या वाटल्या. बारसं झालं. त्या झोळीत एकही खिळा नव्हता.

कारखान्यात आल्यावर यास्मीनने फक्त एवढंच विचारलं, "मी विचारले होते ना रे तुला?"

"विचारलीस."

"मग?"

तो माझं नाक पुसत राहिला. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं. "इतकं छान दिसत होतं, आपा," तो शेवटी म्हणाला. "पुन्हा खोलून बसावंसं वाटलं नाही. आणि सगळे आत्तापर्यंत शाबास म्हणत आले."

दुसऱ्या दिवसापासून त्याने नवा पाळणा घेतला. कोरं सागवान, जाड फळी. या वेळी पोपट केले नाहीत. चारही बाजूंनी खाच मारली, तळ आत सरकवला, खालून दोन पट्ट्या स्क्रूने आवळल्या, आणि पॉलिश सगळ्यांत शेवटी. मला त्याने फक्त झालरीसाठी उचललं. आधी चाक फिरवलं, टाकाऊ तुकड्यावर एक पीन मारून खोली बघितली, चष्मा घातला. हे सगळं तो पूर्वी करायचा. मधल्या काळात तो ते विसरला होता आणि मला त्याची आठवण येत राहिली होती.

पाळणा घेऊन आम्ही पुन्हा होटगीला गेलो. सोजरबाई श्रीपूरला परतल्या होत्या. खालिदने पाळणा उतरवला आणि आधी उलटा करून रंभाबाईंना तळ दाखवला. मग म्हणाला, "मावशी, वरवंटा द्या."

"कशाला रे?"

"द्या तरी."

त्याने वरवंटा पाळण्यात ठेवला, झोका दिला, मग वरून स्वतःचे दोन्ही हात टेकून भार दिला. पुन्हा दिला. त्याचं कपाळ घामाने भिजलं होतं.

"आता बास की," रंभाबाई म्हणाल्या. "लेकराला निजवायचं हाय त्यात, तुला न्हवं."

"त्या दिवशी मी खोटं बोललो," खालिद म्हणाला. तो फरशीच्या तड्याकडे बघत होता. "गन बरोबर आहे. खाच मी मारलो नव्हतो."

"ठावं हाय मला. तुझ्या बहिणीनं सांगितलं की त्या दिवशी."

"तिने आमच्या हाताचा म्हटलं. मी माझ्या हाताचा म्हणायला पाहिजे होतं."

रंभाबाईंनी चहा ठेवला. त्याने टॉवेल परत करायला आणला होता. तो त्यांनी घेतला नाही. मान दिलेला परत घेत नसतात, एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, इथे गोष्ट गोड व्हायला हवी होती. तशी ती झाली नाही. आरोही झोळीलाच सोकावली होती. पाळण्यात ठेवलं की रडायची, झोळीत घातलं की निजायची. महिनाभराने खालिद तिथून जात होता म्हणून डोकावला, तर नवा पाळणा कोपऱ्यात उभा होता आणि त्यात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या रचलेल्या होत्या. ऋतुजा म्हणाली, "पाळणा चांगला आहे, दादा. पण माझ्याच्यानं तिला त्यात ठेवून आत जाववत नाही. मी तिथंच बसून राहते." पाळणा पक्का होता. तिचा विश्वास मात्र पुन्हा बसला नव्हता, आणि त्याला खाच मारता येत नाही.

त्या दिवशी परत येऊन खालिदने मला त्या टॉवेलात गुंडाळलं. सोजरबाई म्हणाल्या होत्या तसाच तो मला मिळाला. तो लाल काठाचा टॉवेल अजून कोरा आहे. त्याने कुणाचं अंग पुसलं नाही.

आता कारखान्यात माझ्या शेजारी एक वरवंटाही असतो. पाळणा असो, खाट असो, लहान मुलांची खुर्ची असो, ती बाहेर जायच्या आधी खालिद तिच्यावर तो ठेवतो. नवीन गिऱ्हाईक विचारतं, "काय खालिदभाई, कारखान्यात मसाला वाटता काय?" तो हसत नाही. "वजन बघतो," म्हणतो, आणि वस्तू उलटी करून तळ दाखवतो.

मला अजून काम आहे. पट्ट्या, झालरी, आरशांच्या कडा. तेवढंच मला जमतं आणि तेवढ्यासाठीच मला आणलं होतं. पण कधी कुणी मला हातात घेऊन म्हणतं, "केवढं झटपट काम," तेव्हा मी मनातल्या मनात नाक खाली घालते.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखी गन घेईल. घेताना आधी ठरवा की ती कशाचा भार घेणार आहे, आणि मगच लहान की मोठी ते बघा. रिकामी असली तरी ती कुणावर रोखू नका. चष्मा लावा. चाक फिरवून आधी टाकाऊ तुकड्यावर बघा. आणि काम झालं, सगळे शाबास म्हणू लागले, की एकदा वस्तू उलटी करून तळावरून स्वतःचं बोट फिरवा. तिथे काही राहिलं असेल तर तेव्हाच सांगा, टॉवेल खांद्यावर असला तरी. नंतर सांगितलं तर पाळणा तेवढा दुरुस्त होतो. आरोही आता चालायला लागली आहे. ती त्या पाळण्यात कधी निजलीच नाही.